कापसाचा भाव चढला तेव्हा तिकडचा पोरगा काय खात होता

खान्देशात कापसाच्या इतिहासावर बोलणं निघालं की १८६१ ते १८६५ ही वर्षं येतातच. अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी पेटली, तिकडून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला, मुंबईत भाव चढला आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि त्याच पेठेला जबर तडाखा बसला. एवढं आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. ज्या युद्धामुळे हे सगळं झालं, त्यात बंदूक घेऊन चालणारा पोरगा मात्र आपल्या बोलण्यात कधीच येत नाही.

त्याच्याविषयी इथे सविस्तर लिहायचं आहे, कारण तो बहुतेक वेळा शेतकऱ्याचाच मुलगा होता. उत्तरेच्या सैन्यात जवळपास निम्मे शेतीतून आलेले, दक्षिणेच्या सैन्यात त्याहून जास्त. माझं म्हणणं असं की त्याची वर्षं लढाईत गेलीच नाहीत. ती शिधा, पाणी, पाय आणि घरच्या पत्राची वाट ह्यांत गेली. तो मेला तोही बहुतेक वेळा गोळीने नाही, पोटाने आणि तापाने मेला.

आधी युद्धाचं थोडक्यात. १२ एप्रिल १८६१ ला दक्षिणेच्या तोफांनी उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर मारा सुरू केला; ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली ह्याने शरणागती पत्करली. मुळाशी गुलामगिरी होती. १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती आणि दक्षिणेचा कापूस त्यांच्याच हातांनी पेरला, निंदला, वेचला जायचा. कापसावाचून इंग्लंडचं चालणार नाही, तेव्हा इंग्लंड आपल्या बाजूने उभं राहीलच, असा दक्षिणेच्या मळेवाल्यांचा हिशेब होता. म्हणून सुरुवातीला त्यांनी स्वतःच कापूस रोखून धरला. उत्तरेकडचा राष्ट्राध्यक्ष लिंकन ह्याने एप्रिल १८६१ मध्येच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती. युद्धाच्या तोंडावर वर्षाला ४० लाखांच्या वर गाठी पिकवणारा मुलूख १८६४ पर्यंत तीन लाख गाठींच्या आसपास आला. इंग्लंड काही त्यांच्या बाजूने उतरलं नाही. त्याने कापूस हिंदुस्थानातून आणि इजिप्तमधून नेला.

भरती

लिंकनने पहिली हाक दिली ती ७५,००० माणसांची आणि ९० दिवसांची. नव्वद दिवसांत सगळं आटोपेल असं खरोखरच वाटत होतं. नंतरची भरती मुख्यतः तीन वर्षांची झाली. नियमाने वय अठरा. पण जन्मदाखले कुठे असायचे? पोरगा सांगेल ते वय लिहिलं जाई. ढोल-बिगुल वाजवणारी पोरं तर बारा-तेरा वर्षांचीही असत. डॉक्टरची तपासणी पुष्कळदा नावापुरतीच. दातांकडे मात्र पाहिलं जाई, कारण समोरचे दात नसतील तर काडतुसाचा कागद फाडता येत नाही.

कागदोपत्री शंभर माणसांची एक कंपनी आणि अशा दहा कंपन्यांची एक रेजिमेंट. कंपनी एकाच गावातून किंवा एकाच तालुक्यातून उभी राहायची आणि कॅप्टन बहुधा मतं घेऊन निवडला जायचा. ह्याचा फायदा असा की शेजारी झोपणारा ओळखीचा असे, आजारपणात तो बघायचा. तोटा भयंकर होता. एका दुपारी एखादी कंपनी माऱ्यात सापडली की एकाच गावातल्या वीस-पंचवीस घरांत बातमी एकदम पोचायची. शिवाय गावच्या ओळखीवर निवडून आलेल्या कॅप्टनला शिस्त लावणं जड जायचं, आणि त्याचा परिणाम लढाईच्या आधी संडासाच्या चरावर दिसायचा. ते पुढे येईलच.

छावणीतला दिवस बिगुलावर चालायचा. उन्हाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास उठणी, हजेरी, न्याहारी, मग आजाऱ्यांची हजेरी, पहाऱ्याची बदली, सकाळी कंपनीची कवायत, दुपारी मोठी कवायत, संध्याकाळी पोशाखी संचलन, रात्री नऊला दिवे बंद. डावा-उजवा न कळणाऱ्या रंगरुटांच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधून ‘गवत, पेंढा’ अशी कवायत घेत. एवढी घोकंपट्टी कशासाठी, तर धुरात समोरचं काही दिसत नाही, हुकूम ऐकू येत नाही, अशा वेळी शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लावून रांग सरळ ठेवता यावी म्हणून.

अंगावरचं ओझं

बंदूक सुमारे चार किलो. पट्ट्यावर चाळीस काडतुसांची पेटी, बार पेटवणाऱ्या टोप्यांची डबी आणि संगीन. खांद्याला तीन दिवसांच्या शिध्याची, डांबरी रंग दिलेली कापडी झोळी. साधारण दीड लिटरची पत्र्याची पाण्याची बाटली, वरून लोकरी कापड चढवलेली. पाठीवरच्या पिशवीत लोकरी घोंगडी, रबर लावलेली चादर, जादा सदरा, मोजे, सुईदोऱ्याची गुंडाळी आणि राहुटीचा अर्धा भाग. सगळं मिळून अठरा ते बावीस किलो.

राहुटीचा अर्धा भाग ही फार हुशारीची वस्तू होती. जाड सुती कापडाचा साधारण दीड मीटरचा एक चौकोन, कडेला गुंड्या आणि काजी. दोघांनी आपापले तुकडे जोडायचे, मधे दोरी किंवा संगीन खोचलेल्या दोन बंदुका, आणि दोघांपुरतं छप्पर तयार. तोंड दोन्हीकडून उघडं, त्यामुळे वाऱ्याचा पाऊस सरळ आत यायचा. खाली रबराची चादर, तिच्यावर एक घोंगडी, अंगावर दुसरी, असा दोघांचा संसार. ह्यातला एक आजारी पडला किंवा मेला, की उरलेल्याकडे अर्धंच छप्पर राहायचं.

पहिल्या लांब चालीत काय व्हायचं हे ठरलेलं होतं. घरून दिलेली जादा घोंगडी, जाडजूड ओव्हरकोट, पुस्तकं, भांडी पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्येच रस्त्याच्या कडेला पडायची. मुरलेले शिपाई पाठपिशवीच टाकून देत. सगळं सामान घोंगडीत गुंडाळून तिची वळकटी डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेशी बांधत. वजन विभागलं जातं, बंदुकीचा हात मोकळा राहतो. ओव्हरकोट मात्र थंडीत लागायचाच, आणि तो नव्याने घेतला की पैसे पगारातून कापले जात. कपड्यांसाठी वर्षाला ४२ डॉलरची मुभा होती. वरचा खर्च शिपायाच्या माथी.

पोशाख लोकरी, उन्हाळ्यातसुद्धा. व्हर्जिनियातला जुलै दमट असतो. दाट रांगेत धूळ उडत असताना, पाणी संपलेलं असताना पंचवीस-तीस किलोमीटर चालणं म्हणजे उष्माघात व्हायचाच, आणि माणसं चालता चालता कोसळून मरत. मे महिन्यात भुसावळचा फलाट ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पायांची काळजी हाच खरा धंदा. सरकारी बूट कडक चामड्याचे, मापं मोजकी. नवे बूट घालून लांब चाल केली की टाचेला फोड येणारच. त्यावर जुन्यांचा उपाय असा: मोज्याच्या आतून कोरडा साबण चोळायचा, मुक्कामाला पाय धुऊन कोरडे करायचे, आणि एक जोड मोजे काही झालं तरी कोरडे ठेवायचे. सैन्यात मुलगा असलेल्या घरात हे आजही ओळखीचं वाटेल. दक्षिणेच्या शिपायाला तर बूटच नसत. चामडं नाही, कारखाने नाहीत, रेल्वे मोडकी. त्याचा गणवेश ताणा सुती आणि बाणा लोकरीचा असा जाड कापडाचा असे, आणि घरच्या अक्रोडाच्या रंगात बुडवलेला तपकिरी.

शिधा

उत्तरेच्या शिपायाला नियमाने रोज मिळायचं ते असं: सुमारे ३४० ग्रॅम डुकराचं खारवलेलं मांस, किंवा साधारण ५६५ ग्रॅम गोमांस, खारं किंवा ताजं. त्यासोबत सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम पाव किंवा पीठ. चालीवर असताना त्याऐवजी साडेचारशे ग्रॅम कडक बिस्किट. दर शंभर माणसांमागे घेवडा किंवा वाटाणा सात किलोच्या आसपास, तांदूळ किंवा मक्याच्या कण्या साडेचार किलो, कच्ची कॉफी साडेचार किलो, साखर सात किलो, मीठ पावणेदोन किलो, शिवाय व्हिनेगर, मिरपूड, साबण आणि मेणबत्त्या. तेव्हाच्या जगात कुठल्याही सैन्याला एवढा शिधा क्वचितच मिळत असेल. अर्थात हा कागदावरचा. गाड्या मागे राहिल्या की झोळीत बिस्किट, मांस, कॉफी आणि साखर एवढंच उरायचं.

त्या बिस्किटाला हार्डटॅक म्हणत. गव्हाचं पीठ आणि पाणी, जमलं तर किंचित मीठ; तेल-तूप अजिबात नाही, कारण ते खवट होतं. पीठ अगदी घट्ट मळायचं, बोटभराहून थोडं कमी जाड लाटायचं, साधारण आठ बाय सात सेंटिमीटरचे चौकोन कापायचे आणि वर भोकं पाडायची. भोकांतून वाफ निघून जाते, म्हणून ते फुगत नाही. मग आतला ओलावा संपेपर्यंत भाजायचं. नऊ-दहा नग म्हणजे एका दिवसाचा शिधा. नीट कोरडं राहिलं तर ते महिनोन्‌महिने टिकतं.

बिघडायचं ते साठवणीत. सुमारे तेवीस किलोच्या लाकडी पेट्या रेल्वेच्या कडेला उघड्यावर रचलेल्या असत. पाऊस लागला की आत बुरशी, उबेत राहिल्या की टोके आणि अळ्या. खाणाऱ्याने काय करायचं? उकळत्या कॉफीत बिस्किट बुडवायचं, किडे वर तरंगले की चमच्याने काढून टाकायचे. कॉफीच्या चवीत फरक पडत नाही असं शिपायांचं मत होतं. दुसरी रीत म्हणजे थंड पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळायचं. तिसरी म्हणजे बंदुकीच्या दस्त्याने कुटून चुरा रश्श्यात टाकायचा. कोरडं चावायला गेलेल्याचे दात दुखावत.

खारं मांस रात्रभर पाण्यात, शक्य तर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नसे. सुरुवातीला कंपनीचा स्वयंपाक आळीपाळीने कुणाच्याही गळ्यात पडायचा, आणि ज्यांनी घरी चुलीकडे पाहिलंही नव्हतं अशी पोरं घेवडा अर्धा कच्चाच उतरवायची. जुलाबाचं ते एक सरळ कारण होतं. पुढे चार-सहा जण मिळून आपली चूल वेगळी करू लागले. पाण्याची जुनी बाटली विस्तवात धरली की झाळलेला जोड सुटून तिचे दोन अर्धे वेगळे होतात. त्या अर्ध्याला चिरलेली काठी लावली की तवा तयार.

कॉफीविषयी थोडं जास्त लिहायला हवं, कारण तिने किती जीव वाचवले हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. दाणे कच्चे मिळाले तर तव्यात भाजायचे, बादलीत घालून दस्त्याने ठेचायचे आणि खळखळ उकळायचे. वाटप करताना रबराच्या चादरीवर जितकी माणसं तितके ढीग करत. मग एक जण ढिगांकडे पाठ करून नावं पुकारी, म्हणजे कमी-जास्ताची तक्रार नको. सकाळी, दुपारी मुक्कामाला, रात्री, पहाऱ्यावरून आल्यावर कॉफी हवीच. जंतूंची कल्पना तेव्हा डॉक्टरांनाही नव्हती, पण कॉफीसाठी पाणी उकळलं जायचं आणि तेवढं पाणी निर्धोक व्हायचं. ओढ्यातून थेट बाटली भरून पिणारा आजारी पडायचा.

दक्षिणेच्या पोराला खरी कॉफी नव्हती, कारण नाकेबंदी. भाजलेलं राय नावाचं धान्य, रताळ्याचे वाळवलेले काप, चिकोरी, ओकची फळं असं काहीबाही उकळून तो पीत असे. त्याचा शिधा मक्याचं पीठ आणि थोडं डुकराचं मांस. शेवटच्या वर्षात मूठभर भाजलेला मका हेच दिवसाचं जेवण. ताजी भाजी दोन्हीकडे नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त यायचं. कांदा-बटाटा मिळाला की रोग हटतो हे डॉक्टरांना माहीत होतं, पण तो छावणीपर्यंत पोचवणार कोण?

इथे एक गोष्ट आपल्या शेतकऱ्याने मुद्दाम ध्यानात घ्यावी. युद्ध वर्ष-दोन वर्षं लांबल्यावर दक्षिणेच्या काही राज्यांनी कायदा करून दर कामकऱ्यामागे कापसाच्या एकरांवर मर्यादा घातली, म्हणजे लोक मका पेरतील. त्याच वेळी खान्देशात ज्वारी-बाजरीच्या रानांत कापूस शिरत होता, कारण भावच तसा होता, आणि मुंबई इलाख्यात धान्य महागत होतं. कापूस पिकवणारा मुलूख उपाशी सैन्यासाठी धान्याकडे वळवला जात होता, आणि धान्य खाणारा मुलूख कापसाकडे. आपल्याकडच्या त्या तेजीचा हिशेब नुसत्या रुपयांत करणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

ठासणीची बंदूक

दोन बंदुका मुख्य होत्या: अमेरिकेची स्प्रिंगफील्ड आणि इंग्लंडची एन्फिल्ड. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून आपल्याकडे शिपाई भडकले ती ह्याच एन्फिल्डची. अमेरिकेत दोन्ही बाजूंनी ती वापरली. स्प्रिंगफील्डची लांबी साधारण एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे लहान चणीच्या पोराच्या हनुवटीपर्यंत.

भरायची रीत अशी. बंदूक उभी धरायची, दस्ता पायांमध्ये. पेटीतून कागदी काडतूस काढायचं. त्यात सुमारे चार ग्रॅम दारू आणि तीस-बत्तीस ग्रॅमची शिशाची गोळी. कागदाचं टोक दातांनी फाडायचं. दारू नळीत ओतायची. गोळी कागदातून सोडवून टोक वर करून नळीच्या तोंडात बसवायची. (एन्फिल्डचं काडतूस दारू ओतल्यावर उलटं करून गोळी चरबीच्या कागदासकट घालत.) गज, म्हणजे ठासायची सळई, उपसायचा, गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची, गज परत खोबणीत घालायचा. घोडा अर्धा ओढून त्याच्याखालच्या बोंडावर (निपलवर) तांब्याची टोपी चढवायची; घोडा आपटला की तीच दारू पेटवते. घोडा पूर्ण ओढायचा, नेम, बार. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. कवायतीत ह्या कृतीचे नऊ हुकूम होते आणि झोपेतही हात चालावेत इतके ते घोकून घेत.

गोळीची बुडाची बाजू पोकळ असते. दारू पेटली की ती फुगून नळीच्या आतल्या आट्यांना चिकटते आणि फिरत बाहेर पडते, म्हणून दोन-तीनशे मीटरवर नेमकी लागते. मऊ शिसं हाडाला लागलं की हाडाचा चुरा होतो, म्हणून हात-पाय कापावे लागत.

चुकायचं ते असं. घाईत गज नळीतच राहतो आणि बारासोबत उडून जातो. मग दुसऱ्या कुणाचा तरी मिळेपर्यंत ती बंदूक म्हणजे लाठी. टोपी चढवायची राहते, किंवा दारूला ओल लागलेली असते, बार उडतच नाही; पण आजूबाजूच्या गदारोळात हे कळत नाही आणि पोरगा त्याच्यावर दुसरा, तिसरा बार ठासत जातो. गेटिसबर्गच्या लढाईनंतर (जुलै १८६३) मैदानातून गोळा केलेल्या २७,००० हून अधिक बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास बंदुकांत दोन-दोन बार होते. ह्याला भित्रेपणा म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. नऊ हुकूम पाठ असलेले हात चालू राहिले आणि डोकं थांबलं, एवढाच त्याचा अर्थ.

वीसेक बार झाले की जळकी दारू नळीत साठते आणि गोळी खाली उतरेना होते. मग जोर लावून, कधी गज दगडावर आपटून ठासावी लागे. रात्री उकळत्या पाण्याने नळी धुवायची, कोरडी पुसायची, तेलाचा हात फिरवायचा. आळस केला तर सकाळी आत गंज. दातांनी कागद फाडताना दारू तोंडात जाते, त्यातला सोरा तहान वाढवतो. म्हणून लढाईआधी जुना शिपाई बाटली भरून घेई आणि नवा विसरे.

आजार

युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. त्यांतले दोन तृतीयांश आजाराने.

पहिली लाट गोवराची. शहरातल्या पोरांना लहानपणीच गोवर येऊन गेलेला असे. खेड्यातला पोरगा हजार माणसांत पहिल्यांदाच येई आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच अंथरुणाला खिळे, मागून न्यूमोनिया. शरीराने धट्टेकट्टे, कामाला वाघ असे शेतातले गडी शहरी पोरांपेक्षा जास्त मरताना पाहून अधिकारी चकित होत.

दुसरी लाट पोटाची आणि ती युद्ध संपेपर्यंत हटली नाही. छावणीच्या नियमात सगळं लिहिलेलं होतं: संडासाचा चर खोल खणायचा, राहुट्यांपासून आणि पाण्यापासून लांब, रोज संध्याकाळी त्यावर सुमारे पंधरा सेंटिमीटर माती टाकायची, ठरलेल्या दिवसांनी चर बुजवून नवा खणायचा. होत असे ते असं: रात्री अंधारात कोण जातो म्हणून पोरं राहुटीमागेच बसत, माती टाकायची पाळी चुकवत, पाऊस आला की सगळं ओढ्यात, आणि तेच पाणी खालच्या रेजिमेंटला. घोडी-खेचरंही त्याच ओढ्यावर. ज्या रेजिमेंटचा अधिकारी ह्या बाबतीत कडक, तिथे आजारी कमी. गावच्या मतांवर निवडून आलेल्या कॅप्टनला आपल्याच शेजाऱ्याच्या मुलाला संडासावरून शिक्षा करणं जमत नसे, आणि त्याची किंमत त्याच मुलाला मोजावी लागे.

औषधं मोजकी. हिवतापावर कोयनेल, आणि ते खरोखर लागू पडायचं. जुलाबावर अफू. पाऱ्याच्या गोळ्या कशावरही, आणि त्यांनी दात हलायचे, तोंड सडायचं; उत्तरेच्या सर्जन जनरलने १८६३ मध्ये पाऱ्याचं कॅलोमेल यादीतून काढलं तर डॉक्टरांनीच ओरडा केला. दक्षिणेला कोयनेल नाकेबंदीमुळे मिळेना, म्हणून झाडांच्या कडू सालींचे काढे.

जखमींचं म्हणाल तर क्लोरोफॉर्म किंवा ईथर बहुतेक शस्त्रक्रियांत वापरला जाई. अवयव कापायचाच तर पहिल्या चोवीस तासांत. उशीर झाला की मरणारे वाढत. पण तोच स्पंज, तीच सुरी, न धुतलेले हात एकाकडून दुसऱ्याकडे. दक्षिणेकडे स्पंज संपले म्हणून धुऊन-उकळून सुती चिंध्या वापरू लागले, टाक्यांसाठी घोड्याचे केस उकळून मऊ करू लागले, आणि टंचाईतून आलेल्या ह्या उकळण्याने जखमा कमी चिघळल्या.

आणखी एक आजार उत्तरेच्या डॉक्टरांच्या नोंदींत अधिकृतपणे आहे: घरची ओढ. ‘नॉस्टॅल्जिया’ ह्या निदानाखाली पाच हजारांहून जास्त पोरं नोंदली गेली आणि काही त्यात दगावल्याचं लिहिलेलं आहे. अन्न टाकणं, झोप नाही, बोलणं बंद. कोवळ्या आणि खेड्यातून आलेल्या पोरांत, हिवाळ्यात छावणीत काम नसताना, हे जास्त दिसे. रजेवर घरी पाठवलं की बरं वाटायचं, पण रजा देणाऱ्याला पळपुट्यांची भीती.

हिवाळ्यात राहुट्या सोडून चौघांनी मिळून ओंडक्यांची झोपडी बांधायची, फटींत चिखल, वर राहुटीचं कापड, धुराड्याला फुटक्या पिंपाचा तुकडा. पिंप पेट घ्यायचं, वरचं कापड जळायचं. उवा तर बारमाही. कपडे मिठाच्या पाण्यात उकळणं हा एकच खात्रीचा उपाय, आणि चालीवर तो शक्य नसे.

पैसा आणि पत्र

उत्तरेचा शिपाई महिन्याला १३ डॉलर, जून १८६४ पासून १६. दक्षिणेचा ११, नंतर १८, पण त्या कागदी नोटांना शेवटी किंमतच उरली नाही. पगार दर दोन महिन्यांनी व्हायचा. प्रत्यक्षात चार-सहा महिने थकायचा. तोवर पलटणीमागून फिरणाऱ्या दुकानदाराकडे उधारी: तंबाखू, लोणी, डबाबंद दूध, सगळं चढ्या भावाने.

सगळ्यांत मोठा अन्याय काळ्या शिपायांवर झाला. सुमारे १,७९,००० काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले, त्यांतले पुष्कळ जण स्वतः गुलामीतून सुटून आलेले. त्यांना महिन्याला १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून ७ हातात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या रेजिमेंटने असा पगार घ्यायलाच नकार दिला आणि फुकट लढली. घरी बायका-मुलं उपाशी असताना. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. ते पकडले गेले तर दक्षिणवाले त्यांना युद्धकैदी मानत नसत, आणि कैद्यांची अदलाबदल थांबण्याचं ते मोठं कारण ठरलं. त्यानंतर दक्षिणेतल्या अँडरसनव्हिलच्या उघड्या कुंपणात डांबलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी १३,००० च्या आसपास मेले, बहुतेक पोटाच्या विकाराने आणि भाजीअभावी.

तिकीट तीन सेंटचं. खिशात घामाने तिकिटं चिकटून जात, म्हणून जुलै १८६१ पासून उत्तरेच्या शिपायाला पाकिटावर ‘सैनिकाचं पत्र’ असं लिहून घेऊन बिनतिकिटाचं पत्र टाकायची सोय झाली. पैसे घरच्यांनी द्यायचे. पत्रात लढाई कमी, चौकशी जास्त: पेरणी झाली का, घोडी व्याली का, धाकट्याला शाळेत घातलं का. दक्षिणेकडे शेवटच्या दोन वर्षांत घरून येणाऱ्या पत्रांत उपासमार असे, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत पळून जाणारे वाढत. पकडला गेला तर गोळी.

शिपायाच्या गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला सरकार देत नसे. १८६४ मध्ये कोल्ड हार्बरच्या हल्ल्याआधी काही जणांनी कागदावर नाव-गाव लिहून कोटाच्या पाठीला टाचून घेतलं, म्हणजे प्रेत ओळखता येईल.

सुटका होताना उत्तरेच्या शिपायाला थकलेला पगार, सुटकेचा कागद आणि हवी असेल तर सहा डॉलर भरून स्वतःची बंदूक मिळे. लीच्या माणसांना पॅरोलची, म्हणजे पुन्हा लढणार नाही ह्या वचनावर सोडल्याची, छापील चिठ्ठी, उत्तरेच्याच कोठारातून शिधा, आणि ज्याचं स्वतःचं घोडं-खेचर असेल त्याला ते वसंतातल्या पेरणीसाठी घरी न्यायची परवानगी.

मागे राहिलेल्यांसाठी जुलै १८६२ चा पेन्शन कायदा होता: साध्या शिपायाच्या विधवेला महिन्याला ८ डॉलर, आणि विधवा किंवा मूल नसेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला. विधवेला लग्नाचा पुरावा लागे. गुलामीत लग्नाची कायदेशीर नोंदच होत नव्हती, म्हणून काळ्या शिपायांच्या विधवांसाठी १८६४ मध्ये कायदा बदलून शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष चालेल असं ठरलं. आईला दाखवावं लागे की मुलगा घर चालवत होता. त्यासाठी तिच्याकडे एकच पुरावा असायचा, ‘पगार झाला, दहा डॉलर पाठवतो आहे’ असं लिहिलेली त्याची पत्रं. ती अर्जाला जोडली गेली आणि सरकारी फायलींत राहिली. कुठल्या महिन्यात बिस्किटात अळ्या होत्या, कधी मोजे फाटले, कॉफी किती दिवस मिळाली नाही, ह्यातलं पुष्कळसं आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या त्या फायलींतून कळतं.